कृष्णवर्णीय लेखकांच्या कथांचा अभ्यास : कथा कोण सांगते आणि कोण ऐकते?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय, म्हणजेच आफ्रिकन-अमेरिकन लेखकांच्या कथालेखनाला पावणेदोनशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. गुलामगिरी, तिच्या अंतानंतरचे वंशभेदाचे कायदे, दक्षिणेकडून उत्तरेच्या शहरांकडे झालेले स्थलांतर, नागरी हक्कांची चळवळ आणि त्यानंतरचा काळ या सगळ्यांचे पडसाद या कथांत उमटले आहेत. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत त्या बहुतेक वेळा इतिहासाला जोड म्हणून शिकवल्या जातात. विद्यार्थी कथेत अन्याय शोधतो, तो सापडला की त्याची नोंद करतो आणि पुढच्या कथेकडे वळतो.

या पद्धतीत कथेतील माहिती हाती येते, पण कथा निसटते. हे लेखक लिहीत होते तेव्हा मोठी मासिके, प्रकाशनसंस्था आणि पुस्तके विकत घेणारा बहुसंख्य वर्ग गोऱ्यांचा होता. आपले म्हणणे कोणापुढे मांडायचे, किती उघड करायचे आणि किती झाकून ठेवायचे, हा प्रश्न त्यांना लिहायला बसतानाच पडत असे. म्हणून यातील अनेक उत्तम कथांमध्ये सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातले नाते हाच कथेचा गाभा असतो. अभ्यासाची सुरुवात तिथून केली तर इतिहासही अधिक नीट समजतो.

सुरुवात कुठून झाली?

आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी कथा इंग्रजीत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या व्हिक्टर सेजूर यांची ‘ल म्युलात्र’ ही कथा १८३७ मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकात फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाली. ती हैतीच्या भूमीवर, फ्रेंच वसाहतीच्या काळात घडते. इंग्रजी वाचकांपर्यंत ती विसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. फ्रान्सिस हार्पर यांची ‘द टू ऑफर्स’ ही १८५९ मधील कथा कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीने लिहिलेली पहिली प्रकाशित कथा मानली जाते.

छापील कथेच्या आधीपासून एक मोठी मौखिक परंपरा होती. दक्षिणेतील अनेक राज्यांनी गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यावर कायद्याने बंदी घातली होती. त्यामुळे गोष्टी तोंडी सांगितल्या जात. बलाढ्य प्राण्यांना युक्तीने फसवणारा ससा हा या गोष्टींचा लाडका नायक होता. वरवर मुलांची करमणूक करणारी ही गोष्ट ऐकणाऱ्या मोठ्यांना वेगळेच काही सांगून जाई. एका गोष्टीत दोन अर्थ ठेवण्याची ही सवय पुढे छापील कथेतही आली.

चेस्नट : गोष्टीमागची गोष्ट

चार्ल्स चेस्नट (१८५८–१९३२) यांची ‘द गूफर्ड ग्रेपव्हाइन’ ही कथा १८८७ मध्ये ‘द अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकात आली. त्या काळात दक्षिणेतील मळ्यांचे गोड चित्र रंगवणाऱ्या कथा लोकप्रिय होत्या. त्यांत प्रेमळ मालक असत आणि जुन्या दिवसांची आठवण काढणारा म्हातारा, निष्ठावान गुलाम असे. चेस्नट यांनी वरून हाच साचा उचलला.

उत्तरेतून आलेला जॉन नावाचा गोरा माणूस पत्नी ॲनीसह नॉर्थ कॅरोलिनात द्राक्षमळा विकत घ्यायला येतो. तिथे त्यांना अंकल ज्युलियस हा पूर्वाश्रमीचा गुलाम भेटतो आणि या मळ्यावर करणी झालेली आहे, असे सांगतो. हेन्री नावाच्या एका गुलामाने न कळत ती द्राक्षे खाल्ली आणि त्याचे शरीर वेलीशी बांधले गेले. वसंतात वेल फुटली की तो तरुण आणि दणकट होई, हिवाळ्यात वेल सुकली की वाकून जाई. मालकाने यात धंदा पाहिला. वसंतात तो हेन्रीला चढ्या भावाने विकी आणि हिवाळ्यात पडत्या भावाने परत घेई. पुढे हावेपोटी केलेल्या प्रयोगात वेली जळाल्या आणि त्यांच्याबरोबर हेन्रीही मेला.

जॉनच्या लेखी ही एक गमतीदार दंतकथा आहे. शिवाय मळ्यातल्या द्राक्षांवर ज्युलियसची कमाई चालू होती, म्हणून तो आपल्याला घाबरवत होता, असा हिशेब तो मांडतो. हा हिशेब खराही आहे. पण ज्युलियसने करणीच्या गोष्टीत गुलामगिरीचे अर्थशास्त्र सांगून टाकलेले असते. माणसाला हंगामी मालासारखा भाव लावला जातो, हे त्यातले सत्य जॉनच्या कानावरून निघून जाते. मासिकाच्या गोऱ्या वाचकापुढे दोन वाटा होत्या. तो जॉनसारखा हसू शकत होता किंवा ज्युलियसचे ऐकू शकत होता. चेस्नट यांनी निवड त्याच्यावर सोपवली. या आणि अशा कथांचा संग्रह ‘द कॉन्जर वुमन’ या नावाने १८९९ मध्ये आला.

हार्लेमचा काळ आणि एक महत्त्वाचा वाद

१९१० नंतर लाखो कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत आले. न्यूयॉर्कमधील हार्लेम हे त्यांच्या कला-साहित्याचे केंद्र बनले. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या संपादनाखालचे ‘द क्रायसिस’ (१९१०) आणि चार्ल्स जॉन्सन यांचे ‘ऑपॉर्च्युनिटी’ (१९२३) ही मासिके कथालेखकांना हक्काची जागा देऊ लागली. आता कृष्णवर्णीय वाचकासाठी लिहिता येत होते. त्यातून नवा वाद उभा राहिला : आपल्या समाजाचे कोणते चित्र जगापुढे जावे?

१९२६ हे वर्ष या वादाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. कला ही लढ्याचे साधन असलीच पाहिजे, अशी भूमिका डुबॉइस यांनी एका निबंधात मांडली. त्याच वर्षी लँग्स्टन ह्यूज यांनी तरुण लेखकांची बाजू घेतली. गोऱ्यांना किंवा आपल्याच लोकांना काय वाटेल याची भीती न बाळगता आम्ही जसे आहोत तसे लिहू, असे त्यांचे म्हणणे होते. या तरुणांनी ‘फायर!!’ नावाचे नियतकालिक काढले. त्याचा एकच अंक निघाला, पण त्यात झोरा नील हर्स्टन यांची ‘स्वेट’ ही कथा होती.

फ्लोरिडातील एका कृष्णवर्णीय वस्तीत डीलिया जोन्स गोऱ्या लोकांचे धुणे धुऊन घर चालवते. नवरा साइक्स तिला मारतो, तिच्या कमाईवर दुसऱ्या बाईला पोसतो आणि तिच्या घामातून उभ्या राहिलेल्या घरातून तिलाच हुसकावू पाहतो. तिला सापाची भीती आहे हे ठाऊक असल्याने तो घरात विषारी रॅटलस्नेक आणून ठेवतो. शेवटी तोच साप त्याला चावतो, आणि त्याच्या हाका ऐकूनही डीलिया त्याच्या मदतीला जात नाही.

या कथेत अत्याचार करणारा कृष्णवर्णीय आहे. गोरी माणसे फक्त मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांतून दिसतात. समाजाची बाजू मांडणाऱ्या लेखनाकडून असे चित्र अपेक्षित नव्हते. हर्स्टन यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला होता आणि स्वतःच्या गावातील बोलणे, म्हणी, थट्टा त्या बारकाईने टिपत. दुकानाच्या ओसरीवर बसलेले गावकरी साइक्सची निंदा करतात, डीलियाची कीव करतात आणि उन्हाची तक्रार करत कलिंगड खायला वळतात. सगळे कळत असूनही कोणी काही करत नाही. डीलियाच्या शेवटच्या स्तब्धतेचा न्याय करताना ही ओसरी विसरून चालत नाही.

हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत वारल्या आणि त्यांच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. १९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकर यांनी ती जागा शोधून तिथे दगड बसवला. एखादी लेखिका अभ्यासक्रमात असणे किंवा नसणे हे केवळ गुणवत्तेवर ठरत नाही, ते असे कोणीतरी शोधत जाण्यावरही ठरते.

राइट आणि बॉल्डविन : रडवणारी कथा, ऐकायला लावणारी कथा

रिचर्ड राइट यांचा ‘अंकल टॉम्स चिल्ड्रन’ हा कथासंग्रह १९३८ मध्ये आला. त्यातील ‘बिग बॉय लीव्ह्ज होम’ या कथेत चार मुले गोऱ्या मालकाच्या तळ्यात पोहायला उतरतात. एक गोरी स्त्री त्यांना पाहून घाबरते आणि काही क्षणांत गोळ्या झाडल्या जातात. एका दिवसात बिग बॉयचे बालपण संपते. खड्ड्यात लपून त्याला आपल्या मित्राला जमावाने जाळताना पाहावे लागते.

संग्रहाचे कौतुक झाले, पण राइट अस्वस्थ झाले. सुखवस्तू घरातील वाचक हे पुस्तक वाचून रडून मोकळे होतील, ही आपली चूक झाली, असे त्यांनी पुढे लिहिले. अश्रूंनी सुटका होणार नाही असे पुस्तक लिहायचे, या निश्चयातून १९४० मध्ये ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी आली. अन्यायाची कथा वाचून हळहळणे हा वाचनाचा शेवट मानणाऱ्या प्रत्येकाला हा इशारा लागू होतो.

जेम्स बॉल्डविन यांची ‘सनीज ब्लूज’ (१९५७) ही कथा ऐकणाऱ्यालाच केंद्रस्थानी आणते. हार्लेममध्ये बीजगणित शिकवणारा निवेदक भुयारी रेल्वेत वर्तमानपत्र वाचताना धाकट्या भावाच्या, सनीच्या, अटकेची बातमी वाचतो. सनी जॅझ पियानोवादक आहे आणि हेरॉइनच्या आहारी गेला आहे. थोरला भाऊ सुशिक्षित, कर्तव्यदक्ष आणि प्रेमळ आहे, पण सनी काय म्हणतो ते त्याने कधी ऐकलेले नाही. स्वतःची लहान मुलगी गेल्यावर तो भावाला पत्र लिहितो. कथेच्या अखेरीस तो एका क्लबमध्ये बसून सनीचे वादन ऐकतो, आणि त्यात घराण्याची सगळी दुःखे त्याला ऐकू येतात.

इथे वंशभेद भाषणातून येत नाही. तो वस्तीच्या इमारतींत आहे, शाळेतल्या मुलांच्या हसण्यात आहे, आणि गोऱ्या मद्यपींच्या गाडीखाली मेलेल्या चुलत्याच्या आठवणीत आहे. ही आठवण आईने थोरल्याला सांगितलेली असते. सनीला सांभाळायचे वचन त्याने तेव्हाच दिलेले असते. ते पाळायचे म्हणजे काय करायचे, हे त्याला फार उशिरा कळते.

एक मुलगी, एक आई : निवेदकाची निवड

१९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या आंदोलनांतून कृष्णवर्णीयांच्या इतिहास-साहित्याचे स्वतंत्र विभाग सुरू झाले. याच सुमारास लेखिकांची नवी पिढी पुढे आली.

टोनी केड बंबारा यांच्या ‘द लेसन’ (१९७२) या कथेत सिल्व्हिया ही हार्लेममधील फटकळ मुलगी निवेदक आहे. वस्तीतील शिकलेल्या मिस मूर मुलांना फिफ्थ ॲव्हेन्यूवरील खेळण्यांच्या महागड्या दुकानात नेतात. तिथे एका खेळण्यातल्या शिडाच्या होडीची किंमत १,१९५ डॉलर असते. ज्या देशात एका खेळण्यावर एवढे पैसे उडवले जातात तिथे आपल्या वाट्याला इतके कमी का, हा प्रश्न मुलांना पडावा, असा त्यांचा हेतू असतो. सिल्व्हिया शेवटपर्यंत काहीही शिकल्याचे कबूल करत नाही. पण तिची चिडचिड, दुकानात शिरताना तिला वाटलेला संकोच आणि मनातल्या मनात मांडलेले हिशेब वाचकाला सगळे सांगून टाकतात. मिस मूर यांनी ही कथा सांगितली असती तर तिचे प्रवचन झाले असते.

ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत वाद आहे तो गोधड्यांचा. दुसरीपर्यंत शिकलेली आई आणि भाजल्याच्या व्रणांमुळे बुजरी झालेली मॅगी गावात राहतात. मोठी मुलगी डी शहरातून येते. तिने ‘वँगेरो’ असे आफ्रिकी नाव घेतले आहे. तिला आजीच्या हातच्या गोधड्या भिंतीवर लावायला हव्या आहेत. त्या गोधड्यांत आजीच्या झग्यांचे तुकडे आहेत आणि पणजोबांच्या यादवी युद्धातील गणवेशाचाही एक तुकडा आहे. आईने त्या मॅगीला लग्नात द्यायचे ठरवले आहे. मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकेल, असे डीचे म्हणणे आहे. आई गोधड्या काढून घेऊन मॅगीच्या मांडीवर ठेवते.

बहुतेक वाचक लगेच आईची बाजू घेतात, कारण कथा आईच्या तोंडून येते. पण डीच्या नावबदलामागे गुलामगिरीत मालकांनी लादलेल्या नावांचा इतिहास आहे. मॅगीला गोधडी शिवता येते आणि डीला येत नाही, हेही तितकेच खरे आहे. वारसा जपायचा म्हणजे जतन करायचा की वापरायचा, हा प्रश्न कथा सोपा करत नाही. डीने हीच कथा सांगितली असती तर ती कशी झाली असती, याचा विचार करणे हा या कथेवरचा सर्वांत चांगला स्वाध्याय आहे.

‘रेसिटेटिफ’ : वाचकाचीच परीक्षा

टोनी मॉरिसन यांनी ‘रेसिटेटिफ’ ही कथा १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. ट्वायला आणि रॉबर्टा या आठ वर्षांच्या मुली चार महिने एका अनाथाश्रमात एकत्र राहतात. एक कृष्णवर्णीय आहे आणि दुसरी गोरी. कोणती कोण, हे मॉरिसन शेवटपर्यंत सांगत नाहीत. पुढे अनेक वर्षे त्या अधूनमधून भेटतात : हॉटेलात, किराणा दुकानात, शाळांतील वंशमिश्रणाच्या वादात समोरासमोरच्या निदर्शनांत.

वाचक खुणा शोधत राहतो. एकीची आई रात्रभर नाचते, दुसरीची आई छातीवर मोठा क्रूस मिरवते. एक हॉटेलात काम करते, दुसरी श्रीमंताशी लग्न करते. प्रत्येक खूण दोन्हीकडे लागू पडते. आपण अंदाज कशावरून बांधला, हे तपासताना वाचकाला स्वतःच्याच डोक्यातले ठोकताळे दिसू लागतात. महाराष्ट्रात आडनाव ऐकताच मनात जी चाचपणी सुरू होते, ती ओळखणाऱ्या वाचकाला हा अनुभव परका वाटणार नाही.

कथेच्या तळाशी मॅगी आहे. ही आश्रमात स्वयंपाकघरात काम करणारी, बोलू न शकणारी बाई. मुलांनी तिला पाडून लाथा मारल्या होत्या. त्यात आपण होतो का, ती कृष्णवर्णीय होती का, यावर दोघींच्या आठवणी जुळत नाहीत. कोण कोणत्या वंशाची या कोड्यात गुंतलेला वाचक मॅगीला विसरला असेल, तर कथेने त्यालाही पकडलेले असते.

अभ्यास करताना विचारायचे प्रश्न

निवेदक कोण आहे आणि तो कोणाला सांगतो आहे? त्याला काय कळलेले नाही? चेस्नट यांच्या जॉनपासून बॉल्डविन यांच्या थोरल्या भावापर्यंत हा प्रश्न उपयोगी पडतो.

कथा प्रथम कुठे छापली गेली? गोऱ्यांच्या मासिकातली कथा आणि ‘फायर!!’मधली कथा यांचा श्रोता वेगळा आहे. मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि ठिकाण नोंदवून वाचायला सुरुवात करावी.

बोली कोणाच्या तोंडी आहे आणि प्रमाणभाषा कोणाच्या? हर्स्टन यांच्या पात्रांची बोली चुकीची इंग्रजी नाही, तिला स्वतःचे व्याकरण आहे. मराठीत अनुवाद करताना इथेच अडते. ती वऱ्हाडीत किंवा मालवणीत आणली तर पात्रे फ्लोरिडातून उठून विदर्भात किंवा कोकणात येतात. प्रमाण मराठीत आणली तर निवेदन आणि संवाद यांच्यातले अंतर पुसले जाते.

कथेतील शब्द कोणत्या काळचे आहेत? ‘कलर्ड’, ‘निग्रो’, ‘ब्लॅक’, ‘आफ्रिकन-अमेरिकन’ हे शब्द वेगवेगळ्या काळांत प्रचारात आले. जुन्या मराठी पुस्तकांत ‘निग्रो’ सर्रास दिसतो. आज तो अवमानकारक मानला जातो, पण जुन्या पुस्तकांच्या नावांत तो तसाच वाचावा लागतो.

एका कथेला संपूर्ण समाजाचे प्रतिनिधी तर बनवले जात नाही ना? साइक्स म्हणजे सर्व कृष्णवर्णीय पुरुष नव्हेत आणि सनी म्हणजे सर्व जॅझवादक नव्हेत. गोऱ्या लेखकाच्या पात्राबद्दल सहसा हा घोळ होत नाही.

मराठी वाचकाशी असलेले नाते

महाराष्ट्रात या इतिहासाकडे फार पूर्वीपासून लक्ष होते. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डुबॉइस यांच्यात १९४६ मध्ये पत्रव्यवहार झाला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

कथांच्या पातळीवरही तुलना करता येते. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत जात लपवावी लागलेला तरुण आहे. चेस्नट यांच्या ‘द वाइफ ऑफ हिज यूथ’ या कथेत उजळ वर्णाच्या मंडळींत प्रतिष्ठा मिळवलेल्या गृहस्थापुढे त्याची गुलामगिरीच्या काळातली सावळी, वृद्ध पत्नी येऊन उभी राहते. भूतकाळ झाकला तर मान मिळतो, ही दोन्हीकडची अट सारखी आहे. फरकही लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेत ओळख आधी कातडीवरून ठरते, इथे ती नाव, गाव आणि वस्ती विचारून काढली जाते. म्हणून दोन्हीकडच्या लपवालपवीची तंत्रे आणि भीती वेगळी आहे. साम्य दाखवून थांबणारी तुलना दोन्ही कथांवर अन्याय करते.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

नव्या वाचकाने ‘द लेसन’पासून सुरुवात करावी. ती छोटी, विनोदी आणि थेट आहे. त्यानंतर ‘एव्हरीडे यूज’ आणि ‘स्वेट’ वाचाव्यात. ‘सनीज ब्लूज’ सावकाश, शक्यतो एका बैठकीत वाचावी. चेस्नट यांच्या कथांतील बोली सुरुवातीला अवघड जाते, पण मोठ्याने वाचली की बरीच उलगडते. ‘रेसिटेटिफ’ दोनदा वाचावी : पहिल्यांदा नेहमीसारखी आणि दुसऱ्यांदा आपण कोणत्या वाक्यापाशी अंदाज बांधला होता, ते शोधत.